एक चूल, पाच मंत्रालयं

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू ज्या खासदारांसाठी संसदेतल्या प्रश्न-भाषणांची टिपणं काढतोस, त्यांनी संरक्षण आणि अर्थ हे विषय इतरांना दिले आणि तुझ्या वाट्याला पाळणाघरं नि म्हाताऱ्या माणसांची देखभाल आली, म्हणून तू हिरमुसला आहेस. दिल्लीत मी चौदा वर्षं हीच टिपणं काढली. या विषयाइतका कस पाहणारा दुसरा विषय मला भेटला नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्याच भागातलं उदाहरण घे. पावसाळा सरला की बीडकडच्या गावांतून ऊसतोडीचे कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान पोर बरोबर नेलं तर ते फडात, बैलगाडीच्या सावलीला. मागे ठेवलं तर आजीजवळ. आजीचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी पाच-सहा महिने नातवंडांचं सगळं तीच करते. आजी पोरांना सांभाळते की पोरं आजीला, हे सांगता येत नाही.

आता हे घर सरकारी कागदावर शोध. नातवाची अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाकडे. आजीची पेन्शन ग्रामविकास मंत्रालयाकडे. मुलगा बघत नाही अशी तक्रार करायची, तर तो कायदा सामाजिक न्याय मंत्रालयाचा. बाळंतपणाची पगारी रजा कामगार मंत्रालयाच्या कायद्यात, आणि मुकादमाकडून उचल घेऊन फडावर गेलेल्या सुनेपर्यंत ती पोचतच नाही. आजीचे गुडघे आरोग्य मंत्रालयाकडे. सभागृहात या पाचांवर पाच वेगळ्या दिवशी बोललं जातं. ज्या बाईच्या अंगावर हे सगळं येऊन पडतं, तिचा अख्खा दिवस मात्र कुठल्याच चर्चेत येत नाही. तुझं टिपण तिच्यापासून सुरू कर, हेच मला सांगायचं आहे.

तिचा दिवस मोजलेलाही आहे. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या बायकांची रोज १३७ मिनिटं त्यात जातात आणि अशी देखभाल करणाऱ्या पुरुषांची ७५, असं दिसलं. स्वयंपाक, धुणीभांडी यांचा हिशेब वेगळा: तिथे २८९ आणि ८८. हे आकडे टिपणात अगदी वर घाल.

मग लगेच विचार की या देखभालीचा खर्च कोणी उचलायचा. त्यासाठी बाबासाहेबांचं मुंबई कायदे कौन्सिलातलं २८ जुलै १९२८चं भाषण मिळवून वाच. विषय होता प्रसूती लाभ विधेयक. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. आणि तरीही मालकाला अंग काढून घेता येणार नाही, असंही मांडलं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ साली संसदेने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. चांगली गोष्ट झाली. पण सरकारने उचलायचा भार पुन्हा मालकावरच राहिला, आणि बाई नेमायची की नाही याचा हिशेब करायला त्याला कारण मिळालं. असंघटित क्षेत्राचं काय, वडिलांच्या रजेचं काय, हे त्या चर्चेत काही सदस्यांनी विचारलं होतं. कायद्यात ते आलं नाही. ती चर्चा मुळातून वाच, सारांशावर विसंबू नकोस.

वृद्धांच्या बाबतीत आपला सगळा भर मुलांच्या कर्तव्यावर आहे. २००७च्या कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे जाऊन निर्वाहखर्च मागता येतो, कमाल महिना १०,००० रुपये. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेलं घर, अट मोडली तर परत मिळवता येतं. २०१९ साली आलेल्या दुरुस्ती विधेयकात जावई-सुनाही जबाबदार धरल्या होत्या. लोकसभेची मुदत संपली तसं ते मंजूर न होताच बाद झालं. कायद्याला माझा विरोध नाही, अनेक म्हाताऱ्यांना त्याने छप्पर परत मिळालं. पण ज्या मुलाचीच कमाई उसाच्या टनावर आहे, त्याच्याकडून न्यायाधिकरण काय वसूल करणार? अशा घरात शासनाचा पैसा लागतो. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. तो ७५ वरून २०० झाला २००६ साली, आणि तिथेच थांबला. महाराष्ट्रात राज्याची भर पडून १,५०० होतात. म्हणून भाषणाच्या मसुद्यात श्रावणबाळ आणि एकत्र कुटुंबाचं कौतुक घालू नकोस. त्या कौतुकात २०० रुपये झाकले जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक गोष्ट माझ्या घरातली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. दिवसा ब्यूरोची, म्हणजे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बाई यायची. तिच्या हातात माया होती, सासूबाई तिच्याच हातून जेवायच्या. काही महिन्यांनी मला कळलं की तिचंही तान्हं मूल आहे आणि ती ते खोलीत शेजारणीच्या भरवशावर ठेवून येते. माझी नोकरी तिच्या बाळाच्या एकटेपणावर उभी होती. त्यानंतर मी देखभाल करणाऱ्या बाईच्या मजुरीचा उल्लेख नसलेलं एकही टिपण पुढे पाठवलं नाही. अंगणवाडीताईच्या पैशाला आजही ‘मानधन’ म्हणतात, पगार नाही. केंद्राने ठरवलेली रक्कम ऑक्टोबर २०१८पासून ४,५०० आहे, राज्यं वर भर घालतात.

आता प्रश्न कसा लिहायचा ते. ‘शासनाचा विचार आहे काय’ असं विचारलंस तर ‘होय, शासन संवेदनशील आहे’ एवढंच हाती येईल. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचं उद्दिष्ट होतं. राज्यवार किती मंजूर, किती चालू, रोज किती तास, किती मुलं, सेविकेला किती महिन्यांचं मानधन थकलेलं, हे उपप्रश्न करून विचार. तास विचारायला विसरू नकोस. अंगणवाडी चारेक तासांत सुटते आणि आईचं काम दिवसभर चालतं. सगळं १५० शब्दांत बसव. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, लोकसभेत दिवसाला वीसच लागतात आणि तोंडी उत्तरं त्यातल्या मोजक्यांचीच होतात, म्हणून पूरक प्रश्न आधीच लिहून खासदारांच्या खिशात ठेव. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तर खट्टू होऊ नकोस. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला सभागृहाची आश्वासन समिती असते. तारीख वहीत लिहून ठेव आणि पत्र पाठवत राहा. माझ्या अनुभवात निम्मं काम या पत्रांनीच झालं.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा वेळ थोडा आहे. या सुट्टीत गावी जाशील तेव्हा फडावरून परतलेल्या एखाद्या घरी बस, सुनेला आणि आजीला वेगवेगळं विचार: पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण कुणाचं काय करतं. ते जसं सांगतील तसं उतरव. मग मसुदा मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवते.

तुझी,
ताई