मुलीच्या गाण्याचा खर्च परवडेल, पण विमा कोणाचा काढलाय?

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४८, खासगी कारखान्यात नोकरी, हातात महिना ९५ हजार. पत्नी घर सांभाळतात. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही गायनाची परीक्षा पूर्ण झाली आहे आणि बारावीनंतर गायनातच पदवी घ्यायची हे तिनं पक्कं केलंय. धाकटा मुलगा ११ वर्षांचा. घरकर्ज १९ लाख बाकी, हप्ता २४ हजार, अजून दहा वर्षं. एफडी ९ लाख, पीएफ २१ लाख, कंपनीचा ग्रुप विमा १० लाख. मुलगी चार वर्षांची असताना घेतलेला एक ‘चाइल्ड प्लॅन’: वर्षाला ५० हजार, बारा हप्ते भरून झाले, आठ बाकी.

तिला आवडलेल्या खासगी कला विद्यापीठाचा खर्च वसतिगृहासह वर्षाला ५ लाख, अशी चार वर्षं. बँकेतल्या अधिकाऱ्यानं सुचवलंय की पॉलिसी मोडा, एफडीतले थोडे घाला आणि १० लाख सिंगल प्रीमियमच्या, म्हणजे एकरकमी हप्त्याच्या, शिक्षण युलिपमध्ये (बाजाराशी जोडलेल्या विमा-गुंतवणूक योजनेत) टाका. वाचक विचारतात, तसं करू की शैक्षणिक कर्ज काढू? एखाद्या रिअॅलिटी शोमध्ये निवड झाली तर कर्ज लवकर फिटेल, असंही लिहितात. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: ‘मला तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे, बाकी तब्येत उत्तम.’

नमस्कार. युलिप नको आणि २० लाखांचं कर्जही नको. त्याची कारणं पुढे देतो. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत जे दिसलं ते आधी, कारण ते जास्त निकडीचं आहे.

चाइल्ड प्लॅनच्या पॉलिसी शेड्यूलवर ‘विमाधारक’ या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. तुम्ही फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ते भरणारे, आहात. म्हणजे बारा वर्षं तुम्ही चार वर्षांच्या, मग दहा वर्षांच्या, आता सोळा वर्षांच्या मुलीच्या जिवाचा विमा भरताय. घर चालतं ते तुमच्या पगारावर, आणि तुमच्या जिवावर या पॉलिसीत एक रुपयाचंही संरक्षण नाही. प्रस्तावक गेल्यास पुढचे हप्ते माफ होतील असा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) घेता आला असता. तोही घेतलेला नाही. ‘बाबांना काही झालं तरी मुलीचं शिक्षण थांबणार नाही’ असं सांगून ही पॉलिसी विकली गेली, असं तुम्ही लिहिता. या कागदात तसं काहीही नाही. हे चुकीचं विकणं आहे, दुसरा सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

आता गणित मांडू. उद्या तुम्ही नसलात तर पत्नीच्या हाती काय येईल? ग्रुप विम्याचे १० लाख, पीएफचे २१ लाख, पीएफला जोडलेल्या ईडीएलआय विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख. झाले ३८. (एफडीचे ९ लाख अडीअडचणीसाठी आणि शिक्षणासाठी वेगळे धरलेत.) त्यातून घरकर्जाचे १९ गेले की उरले १९ लाख. घरखर्च तुम्ही ४५ हजार लिहिलाय, म्हणजे वर्षाला ५.४ लाख. पीएफसोबतच्या ईपीएस योजनेची काही हजारांची पेन्शन मिळेल, पण तिच्यानं फार फरक पडत नाही. साडेतीन-चार वर्षांत पैसे संपतील. तेव्हा मुलगी पदवीच्या मध्यावर आणि मुलगा दहावीत असेल. शिवाय नोकरी बदलली किंवा सुटली की ग्रुप विमाही त्याच दिवशी जातो.

गरज किती? पंधरा वर्षांचा घरखर्च ८० लाख, कर्ज १९ लाख, दोघांच्या शिक्षणाचे २० लाख, मिळून १.२० कोटी. हाताशी ३८ आहेत. तफावत ८०-८२ लाखांची, म्हणून एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा), वयाच्या साठीपर्यंत. घरकर्ज ५८व्या वर्षी फिटेल, साठीला मुलगा २३ वर्षांचा असेल. त्यापुढचं संरक्षण विकत घेऊ नका. ‘हप्ते परत’ मिळणारा प्रकारही नको, त्यात प्रीमियम बराच वाढतो आणि परत मिळते ती रक्कम बिनव्याजी असते.

मधुमेहामुळे प्रीमियम चढा असेल, वर्षाला ३५ ते ४५ हजार धरून चला. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झालाय, तेवढी बचत आहे. कंपनी रक्त तपासेल. साखर आटोक्यात असेल तर प्रीमियम वाढवून विमा देतात. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) हाताबाहेर असेल तर अर्ज काही महिने पुढे ढकलतात. म्हणून तपासणी आजच करून घ्या आणि गरज असल्यास तीन महिने पथ्य पाळून मग अर्ज करा. अर्जात मधुमेह, गोळीचं नाव, सुरू केल्याचा महिना, सगळं लिहा. एजंट म्हणेल की नको लिहायला. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी सापडली तर दावा फेटाळता येतो, आणि तो दावा मांडायला तुम्ही नसता, पत्नी असतात. एका कंपनीनं नकार दिला तर तोही पुढच्या अर्जात सांगावा लागतो, तेव्हा चार ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा १८७४ खाली घ्या. अर्ज भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो, नंतर करता येत नाही. तसं केलं की ही रक्कम तुमच्या देणेकऱ्यांना ओढता येत नाही, पत्नी आणि मुलांचीच राहते.

याच आठवड्यात पीएफचं नामनिर्देशन उघडून बघा. लग्नाआधी आईवडिलांचं नाव दिलं असेल तर ते लग्नानंतर रद्द ठरतं. ई-नामांकन नव्यानं करा.

आता तुमचा प्रश्न. युलिपमध्ये पाच वर्षं पैसे अडकतात. मुलीची पहिली फी पावणेदोन वर्षांत भरायची आहे. एवढ्यावरच विषय संपायला हवा होता. शिवाय १० लाखांच्या प्रीमियमवर विमा फक्त साडेबारा लाखांचा आहे. विमा रक्कम वार्षिक प्रीमियमच्या दहापट नसेल तर वाढ करमुक्त राहत नाही, तरी माहितीपत्रकावर ‘करमुक्त’ छापलंय. आणि प्रस्ताव अर्जाचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यात विमाधारक म्हणून पुन्हा मुलीचंच नाव भरलेलं आहे! सही केली नसेल तर करू नका. केली असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मग जुनी पॉलिसी मोडायची का? इथे माझं उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटेल: मोडू नका. एजंटनं ३२ लाख सांगितले होते, ते विसरा. विमा १० लाखांचा, आणि बोनसचं पत्रक बघता मुदतीअंती १८ लाखांच्या आसपास येतील. वीस वर्षांचा परतावा जेमतेम सव्वापाच टक्के. वाईट सौदा होता. पण त्याचा तोटा तुम्ही आधीच सोसलाय. आज मोडलीत तर कंपनी ६.२ लाख देते. ते सोडून दिले आणि आणखी आठ हप्ते, म्हणजे ४ लाख भरले, तर आठ वर्षांनी १८ लाख. इथून पुढचा परतावा साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि तोही करमुक्त. बोनस थोडा घटला तरी एफडीपेक्षा वाईट नाही.

फक्त ती फीसाठी उपयोगाची नाही. पैसे येणार मुलगी २४ची झाल्यावर, फी लागणार १८व्या वर्षी. त्या पैशांचं खरं काम कुठलं, ते पुढे येतंच. आणखी एक ध्यानात ठेवा: मुलगी १८ची झाली की पॉलिसीची मालकी तिच्याकडे जाते. त्यानंतर कर्ज, सरेंडर (पॉलिसी मोडणं), बँक खातं बदलणं, सगळ्याला तिची सही लागेल आणि नामनिर्देशन तिला स्वतः करावं लागेल. तिला आत्ताच हे कागद दाखवा.

कर्जाचं पाहू. दरवर्षी ५ लाख उचलले, शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, व्याज १० टक्के. हप्ता सुरू होताना देणं २७ लाख झालेलं असेल. दहा वर्षांसाठी महिना साधारण ३५ हजार. मुलगी २३ची, तुम्ही ५५चे. साडेसात लाखांच्या वर बहुतेक बँका तारण मागतात, म्हणजे घरावर दुसरा बोजा. तेविशीतली ख्याल गायिका महिना ३५ हजार हप्ता भरू शकेल, असं धरून कर्ज काढता येत नाही. रिअॅलिटी शोमधली निवड तर हिशेबातच धरायची नाही.

गायनाचा अभ्यासक्रम निवडताना इमारत आणि स्टुडिओ बघू नका. चार प्रश्न विचारा: आठवड्यात प्रत्यक्ष गुरूंसमोर किती तास, एका वर्गात किती मुलं, रियाजाला तबला संगत मिळते का, आणि शिकवणारे पूर्णवेळ आहेत की महिन्यातून येणारे पाहुणे. मग तीच उत्तरं पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, बनारस हिंदू विद्यापीठातून आणि खैरागडच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठातून आणा. खैरागडचं विद्यापीठ १९५६पासून कलाशिक्षणालाच वाहिलेलं आहे. सार्वजनिक विद्यापीठांची फी खासगीच्या तुलनेत अगदी कमी असते. खरा खर्च राहण्याजेवणाचा आणि बाहेरच्या तालमीचा. सगळं मिळून वर्षाला सव्वादोन लाख, चार वर्षांचे ९ लाख धरा. प्रवेशासाठी प्रात्यक्षिक घेतात, त्यामुळे अकरावी-बारावीत सुट्टीच्या शिबिरांवर खर्च करण्यापेक्षा सध्याच्या गुरूंकडे तालमीचे तास वाढवा.

पैसे कुठून? ९ लाखांच्या एफडीतले ३ लाख अडीअडचणीसाठी, त्यांना हात नाही. उरलेल्या ६ लाखांच्या दीड-दीड लाखाच्या चार एफडी करा, प्रत्येकीची मुदत वेगवेगळ्या वर्षाच्या जूनमध्ये संपणारी. पगारातून हप्ता, घरखर्च आणि दोन्ही विमे जाऊन १८ हजार उरतात. त्यातले १२ हजार आवर्ती ठेवीत, प्रवेशापर्यंत दोन लाखांवर जातील. बाकीचं ती शिकत असताना पगारातून. पीएफला हात लावायची गरज पडत नाही, आणि धाकट्याच्या वाट्याचंही खाल्लं जात नाही. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयात मिळते, महिना ५ हजार, दोन वर्षं. निवड झाली तर एक लाख वीस हजारांची भर. झालीच असं धरून खर्च करू नका.

आणि पदवीनंतर? एमए, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), आकाशवाणीची ऑडिशन, मग बी ग्रेड, पुढे बी-हाय, चार शिकवण्या, कुठे शाळेत संगीतशिक्षिका. कमाई हळूहळू बसते. २३ ते २८ ही वर्षं तिला रियाजाला वेळ मिळावा म्हणून घरून महिना १५ हजार द्यावे लागतील, पाच वर्षांत ९ लाख. तुमच्या पॉलिसीचे १८ लाख नेमके याच काळात येतात. त्यातले निम्मे यासाठी, आजपासूनच तसं लिहून ठेवा. लग्नासाठी म्हणून ते बाजूला काढू नका.

तानपुरा मात्र प्रवेशाची वाट न बघता आत्ता घ्या. तानपुरे बनवणारं मिरज तुमच्या शेजारीच आहे. ३०-४० हजार धरा, आवर्ती ठेव तीन महिने उशिरा सुरू केली तरी चालेल. तिच्या गुरूंना सोबत न्या, तिच्या पट्टीत लावून, जवारी (तारांचा गुंजणारा नाद) ऐकूनच पैसे द्या.