चिठ्ठ्या कूलरसमोर लावू नकोस

अरे, तुझ्या कॉमिकची पानं अर्धवट पडलीयेत, कामांचा माग ठेवायला अ‍ॅप घेऊ की माइंड मॅप काढू, हे तू विचारलेलं वाचून मला माझीच खोली आठवली. मलाही तुझ्यासारखा एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं. निदान पस्तिशीत झालं, तोवर घरचे ‘धांदरट’ म्हणून मोकळे व्हायचे.

आधी एक कर, नवं अ‍ॅप शोधणं थांबव. मी चार पालथी घातली; रंग निवडण्यातच आठवडा जायचा. आपल्यासारख्यांची वर्किंग मेमरी, म्हणजे हातातली गोष्ट तेवढ्यापुरती लक्षात ठेवणारी स्मृती, बऱ्याचदा कच्ची असते, त्यामुळे काम डोळ्याआड गेलं की डोक्यातूनही जातं. म्हणून तक्ता भिंतीवरच हवा, चहा पिताना समोर दिसेल असा. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक कार्डशीट आणि चिकट चिठ्ठ्या आण. तीन रकाने आख: ‘करायचंय’, ‘चालू’, ‘झालं’. टोयोटाच्या कारखान्यात कार्डं लावून काम पुढे सरकवायची ‘कानबान’ पद्धत होती, तिचंच हे घरगुती रूप. ‘चालू’मध्ये दोनच चिठ्ठ्या. तिसरी नाही म्हणजे नाही! खरी गंमत यातच आहे.

चिठ्ठीवर ‘पान ७ पूर्ण करणे’ असं लिहिलंस तर ती तिथेच पिवळी पडेल. ‘पान ७, दुसरी चौकट, आजीचा हात, फक्त पेन्सिल’ असं लिही. वीस मिनिटांत उरकेल एवढंच.

माइंड मॅप, म्हणजे मधल्या कल्पनेला फांद्या फोडत काढलेला आराखडा, गोष्ट सुचताना ठीक. पुढे त्याचं जंगल होतं.

आणि बाप्पा, आपला नागपूरचा मे! कूलरच्या दमट वाऱ्यानं चिठ्ठ्या सुटल्या आणि माझ्या कॉमिकचा अख्खा दुसरा अंक पलंगाखाली गेला होता. आता टाचण्या लावतो.

दोन-तीन आठवड्यांत तक्ता दिसेनासा होतो, भिंतीचाच भाग वाटतो. तेव्हा तो उचलून दुसऱ्या भिंतीवर लाव.