बाथरूम चार बाय सहाचं आहे, गॅस गीझर आतच लावून एक्झॉस्ट फॅन दिला तर चालेल का? (नागपूर)

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: बेसा भागात पहिला मजला चढवला आहे, प्लंबर म्हणतो गीझर बाथरूममध्येच टांगू आणि एक्झॉस्ट देऊ. वरून अमेरिकेतला भाऊ म्हणतो, आमचं अख्खं घर गॅसच्या फर्नेसवर गरम होतं, कोणाला काही होत नाही, तुम्ही एका गीझरला कशाला घाबरता.

नाही चालत. गीझर भिंतीच्या बाहेर, नळ आत. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी दक्षिण नागपुरात उन्हाळ्यात कूलरची आणि दिवाळी ते संक्रांत गीझरची कामं करतो. सतरा हिवाळे झाले. पहिले तीन हिवाळे मीही आतच लावत होतो, हे आधीच कबूल करतो. पाइप कमी लागतो, भिंत फोडावी लागत नाही, दोन गिट्ट्या ठोकल्या, तीन नळ्या जोडल्या की काम हातावेगळं. गिऱ्हाईकही खूश, कारण टाइल्सना धक्का लागत नाही. नव्या टाइल्सचा जीव माणसाला फार प्यारा असतो.

मग माझ्याच घरी झालं. मानेवाड्यातलं भाड्याचं घर, बाथरूम तुमच्याहून लहान, गीझर मीच लावलेला. रविवारी बायको डोक्यावरून न्हायला गेली. मी बाहेर चहा पीत बसलो होतो. बादली भरून वाहायचा आवाज येत होता, तो येतच राहिला. मी म्हटलं, पाणी कशाला वाया घालवते. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. दार आत उघडणारं आणि ती नेमकी दाराला टेकून खाली बसलेली, त्यामुळे खांदा लावूनही दार वीतभरच सरकलं. त्या फटीतून हात घालून कसाबसा तिचा दंड धरला, बाजूला सारलं, बाहेर ओढलं. चेहरा पांढरा पडला नव्हता, उलट गुलाबी होता, म्हणून मला वाटलं झोप लागली की काय. अंगणात आणल्यावर पाचेक मिनिटांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य: "डोकं फुटून राहिलं माझं."

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. जवळच्या दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ९८ दाखवला. म्हणाले बीपी लो झालं असेल, उपाशीपोटी न्हाल्या का? घरी पाठवतच होते. तेवढ्यात एक वयस्क डॉक्टर आले, त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला: "पाणी कशावर तापवता?" गीझर म्हटल्याबरोबर मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. त्यांनीच समजावलं की जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून जास्त पटीनं घट्ट धरतं. बोटाच्या चिमट्याला या दोघांतला फरक कळत नाही, त्याला रक्त लाल दिसलं की झालं. म्हणून ताई, देव न करो, पण कधी कोणी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलं तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा की घरात गॅस गीझर आहे. चिमट्यावर ९८ आलं म्हणून उठून घरी येऊ नका.

आता तुमच्या चार बाय सहाचा हिशेब करू. उंची आठ फूट धरली तर १९२ घनफूट हवा झाली, वर माळा काढला असेल तर त्याहून कमी. सहा लिटरवाला गीझर पूर्ण जाळावर तासाला साधारण एक किलो गॅस पितो. एक किलो गॅस नीट जळायला सव्वाचारशे घनफुटांच्या आसपास हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीत शंभरावर घनफूट, तुमच्या बाथरूममधली निम्म्याहून जास्त हवा, त्या जाळातून जाऊन आली. निळी ज्योत त्याच्या कितीतरी आधी बिघडायला लागते. आणि ही फक्त एका माणसाची आंघोळ. दिवाळीला उटणं लावून चौघं एकामागोमाग जातात, दार उघडतं ते आत-बाहेर करण्यापुरतं. माझ्या अनुभवात घात होतो तो चौथ्याचा किंवा डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईचा. पहिला माणूस ठणठणीत बाहेर येतो, म्हणून घरच्यांना गीझर निर्दोष वाटतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि जळाल्यावर तोही जातो. "वास आला की बंद करू" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी हे सांगतो. गळतीचा वास येतो, या विषाचा येत नाही.

भावाचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्याचं यंत्र वेगळं आहे. फर्नेसमध्ये जाळ पत्र्याच्या बंद कप्प्यात असतो. घरातली हवा त्या कप्प्याला बाहेरून चाटून जाते, गरम होते आणि डक्टमधून खोल्यांत फिरते. जळलेली हवा निराळ्या नळीनं घराबाहेर. दोन्हींची गाठ पडतच नाही. नव्या फर्नेसमध्ये तर जाळाला लागणारी हवासुद्धा पाइपनं बाहेरूनच आणतात. तो कप्पा गंजून तडकला किंवा धुराच्या नळीत पाखरानं घरटं केलं तर तिथेही माणसं बेशुद्ध पडतात, म्हणून तर तिकडे झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतात. भावाला विचारा, त्याच्या छताला असेल. आपल्याकडचा भिंतीवरचा छोटा गीझर उघड्यावर जळतो: खोलीतली हवा खालून घेतो आणि डोक्यावरच्या फटीतून धूर परत त्याच खोलीत सोडतो.

खरं तर हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तांब्याच्या बंबाला मधोमध धुराडं असायचं, आणि एवढं करूनही तो मागच्या अंगणातच पेटायचा. बाथरूममध्ये गरम पाणी जायचं, बंब नाही. आपण बंब आत आणला आणि धुराडं कापून टाकलं.

एक्झॉस्ट फॅनबद्दल. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत कुठून येणार? दाराखालची फट अर्ध्या इंचाची, तीही पायपुसणं सरकून बुजते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात मी सहा घरी सर्व्हिसिंगला गेलो, चार घरी व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्यांत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं आणि फॅन बंद. कारण फॅन लावला की अंगावर गार झुळूक येते. जो माणूस थंडी वाजते म्हणून गीझर लावतो तो फॅन लावणार नाही, हा साधा स्वभाव आहे. शिवाय लाइट गेली की फॅन बंद, पण गीझर सेलवर चालतो, तो सुरूच. काही जण धूर बाहेर न्यायला नळीचा गीझर आणतात आणि त्याच बाथरूममध्ये फॅनही लावतात. हे तर आणखी वाईट. दार लावलेलं असलं की फॅन त्या नळीतूनच हवा ओढतो आणि बाहेर चाललेला धूर आत येतो.

बाहेर लावायचा म्हणजे कुठे? तुमच्याकडे मागे वॉश एरिया किंवा सज्जा असेल तर देवच पावला. बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, छातीच्या उंचीला, वरून पावसासाठी छोटा पत्रा. गीझर पाण्याच्या ओघानं पेटतो, आत गरम नळ सोडला की बाहेर जाळ लागतो, नळ बंद केला की विझतो. त्यामुळे आत काहीच लागत नाही, फक्त सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिकची, एक नळी. ती जितकी आखूड तितकं बरं, नाहीतर पहिले दोन तांबे गार येतात. भिंतीला एक होल, त्यासाठी अर्धा दिवस. तुमचा प्लंबर कुरकुरतोय तो बहुतेक या अर्ध्या दिवसासाठी.

दिसायला बरं दिसत नाही म्हणून त्याला कपाट करून घेऊ नका. मागच्या वर्षी एकांनी हौसेनं प्लायवूडची पेटी करून दार लावलं. गीझरला परत कोंडलंच ना? वारा थेट लागत असेल तर बाजूला एक आडोसा पुरतो. आणि ज्या खोलीत कोणी झोपतं तिच्या खिडकीला लागून नको.

फ्लॅटमधल्या डक्टची, म्हणजे बाथरूमांमागे हवेसाठी सोडलेल्या उभ्या बोळाची, मात्र मला भीती वाटते. डक्ट वरून उघडा असेल तर ठीक. पण कबुतरांमुळे गच्चीवर पत्रा ठोकलेला असतो, आणि मग तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये. आधी गच्चीवर जाऊन पाहा.

पाण्याची टाकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पहिल्या मजल्यावरचं बाथरूम आणि टाकी त्याच गच्चीवर सपाट ठेवलेली असेल तर दाब कमी पडतो. दहा फूट उंचीला जेमतेम ०.३ बार. गीझर नुसता टिक-टिक करतो, पेटत नाही. मग कोणीतरी शहाणा आतला पाण्याचा स्विच हलका करून देतो. पाणी थांबल्यावर जाळ विझवणारा भाग तोच आहे, त्याला हात लावू देऊ नका. टाकी लोखंडी स्टँडवर चढवा किंवा छोटा बूस्टर पंप लावा. बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतात, दरवर्षी दिवाळीआधी खोलून साफ करणं आलं. ज्योत पिवळी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली तर वर्षाची वाट पाहू नका.

गॅसच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. गीझरला सिलिंडर वेगळा ठेवा. स्वयंपाकघरातल्या रबरी नळीला टी मारून वाटणी करतात, ते मी आता करत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. रबरी नळी नारिंगी सुरक्षा होजच घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून ओवलेली नको, आणि पाच वर्षांनी बदला. अंतर जास्त असेल तर तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पक्की लाइन, दोन्ही टोकांना कॉक. सिलिंडर नालीच्या किंवा चेंबरच्या तोंडाशी ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर उतार शोधत तिथेच जाऊन साचतो. जोड तपासायला साबणाचा फेस. काडी पेटवून तपासणारा माणूस आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा गीझर आधीच आत असेल आणि भाड्याचं घर असल्यामुळे हलवता येत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, सिलिंडरचा कॉक फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि मग आंघोळीला जा. शॉवर विसरा. कडी लावू नका, घरातल्यांना सांगून जा. माझ्या घरी तो हिवाळा असाच काढला. पुढच्या वर्षी घर बदललं तेव्हा मी खोल्या नंतर पाहिल्या, आधी बाथरूमची मागची भिंत पाहिली.

ताई, तुमच्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा एक फोटो टाका आणि गच्चीवर टाकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते लिहा. होल कुठे पाडायचं ते सांगतो. प्लास्टर अजून व्हायचं असेल तर प्लंबरला आजच थांबवा, टाइल्स लागल्यावर तो ऐकणार नाही.