गोल आटतात तेव्हा स्ट्रायकर कुठे जातो?

‘गोल होत नाहीत, म्हणजे माझे संपले का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक स्ट्रायकरला, म्हणजे फुटबॉल संघात गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या खेळाडूला, वाटत असते की तो जगात फक्त आपल्यालाच पडला आहे. प्रत्यक्षात निमित्त तेवढे बदलते. एखाद्याच्या कराराचे शेवटचे वर्ष असते, एखाद्याच्या जागेवर तरुण खेळाडू आलेला असतो, तर एखाद्याला मांडीच्या स्नायूच्या दुखापतीनंतर पूर्ण वेगाने धावण्याचा धीर होत नसतो. बचावपटूचा खराब हंगाम संघाच्या कामगिरीत मिसळून जातो. स्ट्रायकरचा मात्र आकड्यात दिसतो आणि तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. हीच चिंता वारंवार ऐकू आल्यामुळे एका खेळाडूची हकिगत येथे मांडते आहे. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींमधील बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

हे खेळाडू तेव्हा २७ वर्षांचे होते. सलग दोन हंगाम भरपूर गोल केल्यावर एका मोठ्या क्लबाने चांगली रक्कम मोजून त्यांना घेतले होते, आणि तेथे ११ सामन्यांत त्यांच्या नावावर एकही गोल नव्हता.

“गोल झाला नाही, त्या दिवशी तुम्ही स्वतःला काय समजता?” मी विचारले.

“क्लबाचे बुडालेले पैसे,” ते म्हणाले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत माझी घडण झालेली असल्यामुळे अशा उत्तरापाशी मी थांबतेच. माणसाच्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, पण त्या एका कृतीवरून सबंध माणसाची किंमत ठरवू नये, हे सांगायला सोपे आणि अंगी बाणवायला अवघड आहे. ज्याच्या नावापुढे खरोखरच किंमत छापून आलेली असते, त्याला तर ते फारच अवघड जाते. स्पेनचे स्ट्रायकर फर्नांडो टोरेस जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूलहून चेल्सीत गेले ते ५ कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी रकमेला. त्या हंगामाच्या उरलेल्या काळात त्यांचा एकच गोल झाला. त्याच टोरेस यांनी पुढच्याच वर्षी, २०१२ च्या युरो स्पर्धेत, सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट मिळवला. हे उदाहरण मी माझ्या खेळाडूला सांगितले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. दुसऱ्याचे दिवस पालटले या माहितीने स्वतःविषयीचे मत बदलत नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. फुटबॉलमध्ये गोलच्या दिशेने मारलेल्या साधारण दहा फटक्यांपैकी एकाचा गोल होतो. सामन्याला दोन फटके मारणारा स्ट्रायकर त्याच दर्जाने खेळत राहिला, तरी ११ सामन्यांच्या टप्प्यात एकही गोल न होण्याची शक्यता दहात एक इतकी असते. दीर्घ कारकिर्दीत असा कोरडा काळ वाट्याला येणे हा अपघात नसून जवळपास ठरलेलीच गोष्ट आहे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच थोडा मोकळेपणा दिसला. तेवढ्यात मी त्यांना त्यांच्या फटक्यांची संख्या विचारली. आदल्या हंगामात सामन्याला जवळजवळ तीन फटके असत. आता जेमतेम एक होता. म्हणजे दोष एकट्या नशिबाचा नव्हता.

“पण मी पूर्वीपेक्षा जास्त धावतो आहे, मॅडम. प्रशिक्षकसुद्धा माझ्या मेहनतीचे कौतुक करतात.”

“धावता कुठे?”

ते गप्प झाले. पुढच्या भेटीआधी त्यांनी आपल्या दोन्ही हंगामांतील काही सामन्यांचे चित्रीकरण पाहावे, हुकलेल्या संधी मात्र अजिबात पाहू नयेत, असे मी सुचवले. बाजूने धावत आलेला सहकारी क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला पास, देण्याच्या बेतात असतो, त्या क्षणी आपण मैदानावर नेमके कोठे उभे आहोत, एवढेच त्यांना टिपायचे होते.

ते वही घेऊन आले आणि बसण्यापूर्वीच बोलू लागले. आदल्या हंगामात क्रॉस निघण्याआधीच ते गोलच्या जवळच्या खांबाकडे झेपावलेले दिसत होते. या हंगामात त्याच क्षणी ते पेनल्टी क्षेत्राच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या आयताच्या, बाहेर होते. कधी हात वर करून पायात पास मागताना, कधी मधल्या फळीला मदत करण्यासाठी मागे सरकताना.

“तिथे काय मिळते?” मी विचारले.

“चेंडू मिळतो. पास देता येतो. लोक टाळ्या वाजवतात.”

“आणि काय घडत नाही?”

यावर ते पुष्कळ वेळ वहीकडे पाहत राहिले. उत्तर मला ठाऊक होते आणि ते त्यांच्या तोंडी घालण्याचा मोह बराच मोठा होता. परंतु अशा वेळी तोंड बंद ठेवता येणे ही माझ्या कामातली सर्वांत कष्टाने कमावलेली गोष्ट आहे, असे मी मानते. शेवटी ते म्हणाले, “तिथे माझी संधी हुकत नाही. कारण तिथे ती येतच नाही.”

या वाक्यानंतर आमच्या कामाची दिशाच बदलली. भीती वाटणारा माणूस अंग चोरतो, अशी आपली समजूत असते. इथे मात्र हा माणूस राबत होता, आणि ते राबणेच त्याची लपण्याची जागा झाले होते. प्रशिक्षकांची शाबासकी मिळत असल्याने ती जागा कोणाच्या नजरेत येत नव्हती, त्यांच्या स्वतःच्याही नाही. गोलविना स्ट्रायकरला मोल नसते असे मात्र नव्हे. फ्रान्सने २०१८ चा विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरू सातही सामने खेळले आणि गोलच्या चौकटीत त्यांचा एकही फटका गेला नाही. हे ऐकताच माझ्या या खेळाडूला हायसे वाटले, त्यामुळे मला लगेच पुढचे सांगावे लागले: जिरू बचावपटूंना अंगावर घेत होते, पेनल्टी क्षेत्र सोडून पळत नव्हते.

तेव्हापासून सामन्यानंतर त्यांनी गोल मोजायचे नाहीत, असे ठरले. क्रॉसच्या आधी आपण किती वेळा जवळच्या खांबाकडे गेलो आणि पेनल्टी क्षेत्रात चेंडूला किती वेळा स्पर्श झाला, हे ते लिहीत. याखेरीज संधी हुकल्यावर पुन्हा तशाच जागी शिरायला आपल्याला किती मिनिटे लागली, हेही लिहायचे होते. ही शेवटची नोंद माझी स्वतःची आहे आणि तिच्याविषयी मला थोडा अभिमान वाटतो, कारण खेळाडू चुकीतून सावरला की नाही, हे त्याच्या बोलण्यापेक्षा या मिनिटांतून लवकर कळते. आरंभी त्यांचा अख्खा उत्तरार्ध त्यात जाई. हळूहळू तो अवधी पाच-सहा मिनिटांवर आला आणि फटक्यांची संख्याही वाढली. त्यानंतरचा पहिला गोल अगदी ओबडधोबड होता. गोलरक्षकाने परतवलेला चेंडू त्यांच्या नडगीला लागून आत गेला. असे चेंडू जो तेथे हजर असतो त्यालाच मिळतात.

अशाच स्थितीत असलेल्या खेळाडूंनी आधी शरीराची तपासणी करून घ्यावी, कारण मांडीच्या मागच्या स्नायूचे अर्धवट बरे झालेले दुखणे आत्मविश्वासाच्या अभावासारखेच दिसते. मग फटक्यांची संख्या पाहावी. फटके पूर्वीइतकेच आणि तितक्याच चांगल्या जागांवरून असतील, तर खेळात बदल करण्याची घाई करू नये. लांबून अधीरपणे मारलेले फटके नुकसानच वाढवतात. फटके घटले असतील, तर चेंडू येत नाही की आपण जात नाही, हे प्रशिक्षकांसोबत बसून पाहावे. झोप उडणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा वाटू लागला, तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांनी त्या काळात सामन्याचा विषय खेळाडूने काढेपर्यंत काढू नये. ते गप्प राहिले तर खेळाडूला त्यांची काळजी कळत नाही असे नसते.

माझ्या या खेळाडूच्या क्लबाने पुढे करार वाढवला नाही, हेही सांगायला हवे. गोल पुन्हा होऊ लागले तरी व्यवस्थापनाचे निर्णय तेवढ्यावर होत नसतात. दुसऱ्या क्लबात ते चार हंगाम खेळले. आता वेग कमी झाला आहे आणि खेळाची दिशाही बदलली आहे. बचावपटूच्या मागे धाव घेण्यापेक्षा त्याच्या पुढे अर्धे पाऊल आधी पोहोचण्यावर त्यांचा भर असतो. जर्मनीचे स्ट्रायकर मिरोस्लाव्ह क्लोजे यांनी २०१४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, विश्वचषकातला आपला विक्रमी १६ वा गोल असाच परतलेल्या चेंडूवर केला होता, हे या वेळी त्यांनीच मला सांगितले. सध्या आमच्या भेटींत वेगळाच प्रश्न आहे: वरच्या श्रेणीत राखीव खेळाडू म्हणून एक वर्ष काढावे, की कमी वेतनावर खालच्या श्रेणीत प्रत्येक सामना खेळण्याची हमी घ्यावी. त्यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पत्नीचा पहिल्याकडे, म्हणून पुढच्या भेटीला मी दोघांनाही बोलावले आहे.