नाशिकला पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहचित्रात गंगापूर धरणही दिसत नाही. मग ध्रुवावर काही महिने काळोख असताना समुद्रावरचा बर्फ कसा मोजतात?

फोटो काढून नाहीच मोजत. प्रत्येक वस्तू स्वतःहून थोड्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) बाहेर टाकत असते. त्यांना उजेड लागत नाही आणि ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. गंमत अशी की ठरावीक लहरींवर बर्फापेक्षा पाणी कमी ऊर्जा सोडतं, म्हणून उपग्रहाला समुद्र 'थंड' आणि बर्फ 'गरम' दिसतो! १९७८ च्या अखेरीपासून, निंबस-७ उपग्रहापासून, ही नोंद जवळपास सलग आहे.

अडचण बारकाव्याची. या लहरी क्षीण असल्याने नेहमीच्या नकाशातली एक चौकट सुमारे २५ किलोमीटर बाजूची असते, म्हणजे जवळजवळ नाशिक ते त्र्यंबकेश्वर. आपलं धरण त्यात हरवूनच जाईल.

चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असला की ती अख्खी चौकट 'विस्तारात' धरतात. 'क्षेत्रफळ' काढताना मात्र जितके टक्के बर्फ, तितकाच भाग. त्यामुळे विस्ताराचा आकडा नेहमी मोठा येतो. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते, तेव्हा आकडा कशाचा ते आधी बघा. सप्टेंबर २०१२ मधला आर्क्टिकचा नीचांक, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, हा विस्तार आहे.

उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला तो उघडा समुद्र वाटतो आणि बर्फ कमी मोजला जातो. जाडीसाठी मात्र क्रायोसॅट-२ सारखे वेगळे, रडारवाले उपग्रह लागतात.