वाचकांचे प्रश्न : ट्रॉलीचे पासिंग

प्रश्न : निपाणीजवळ आमची शेती आहे. कागलकडची एमएच-०९ पासिंगची जुनी ट्रॉली स्वस्तात मिळते आहे. ट्रॅक्टर केए-२३ चा, कागद पक्के. मग ट्रॉलीसाठी वेगळी धावपळ कशाला? शिवाय परराज्यातला नंबर वर्षभर चालतो म्हणे.

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, हेसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणून तिचे आरसी बुक वेगळे. वर्षभराची सवलत मालक तोच राहून गाडी दुसऱ्या राज्यात नेली तर आहे (कलम ४७). तुम्ही विकत घेताय, त्यामुळे ३० दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्यायला हवा. विकणाऱ्याला परराज्यातल्या व्यवहारासाठी ४५ दिवस मिळतात.

आधी विकणाऱ्याने कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला) काढायची. ट्रॉलीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. एनओसी आली की मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबरसाठी २७, सोबत मूळ आरसी व विमा घेऊन चिक्कोडी आरटीओ गाठायचे. इथला कर वेगळा भरावा लागतो. ट्रॉली तपासणीला न्यावी लागेल.

अडते ते बहुधा चेसिस नंबरावर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणजे ओळख तेवढीच. फॉर्म २८ वर त्याची पेन्सिलने छाप घेतात. चेसिसवर रंगाचे चार थर आणि उसाचा चिकटा बसलेला असतो. आधी डिझेलने पुसा, रंग हळू खरवडा, पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. ग्राइंडर लावू नका. आकडा पुसट झाला तर खाडाखोडीचा संशय येतो. छाप आणि आरसीतला आकडा जुळल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे तर नाहीच.

प्रश्न : हंगामात दोन ट्रॉल्या जोडतो. मागे नंबर कुठला लिहायचा?

उत्तर : प्रत्येक ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या डाव्या बाजूला. सर्वांत मागच्या ट्रॉलीच्या पाठीवर मात्र ट्रॅक्टरचा (कलम ६१). ट्रॅक्टर बदलला की पाठीमागचा नंबरही बदलायला हवा; भाड्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की हेच राहून जाते. विम्याचेही बघा : ट्रॅक्टरच्या पॉलिसीत दोन्ही ट्रॉल्यांचा उल्लेख नसेल तर अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते.

प्रश्न : गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली करून घेतली. पासिंग होईल का?

उत्तर : अवघड आहे. नोंदणीच्या अर्जासोबत (फॉर्म २०) विक्रीचा दाखला (फॉर्म २१) आणि ट्रॉली रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा उत्पादकाचा दाखला (फॉर्म २२) लागतो. मान्यता नसलेला कारागीर फॉर्म २२ देऊ शकत नाही. साधे बिल चालत नाही. ऑर्डर देण्यापूर्वीच मंजुरीचे कागद मागा.

प्रश्न : ट्रॉली वडिलांच्या नावावर होती, ते वारले. ऊस सुरू आहे, थांबावे लागेल का?

उत्तर : नाही. ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची आणि ट्रॉली तुम्ही वापरणार असल्याची लेखी सूचना द्या. मग ३ महिने वापरता येते, आणि तेवढ्या मुदतीत ट्रॉली नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ चा अर्ज करायचा. भावा-बहिणींच्या सह्या आधी गोळा करा, वेळ तिथेच जातो. आधार आणि आरसीवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असेल तर तेही आधी मिटवा.