दादरला नव्याने राहायला आलोय. आसपास कोणते कार्यक्रम असतात आणि ते कळतात कुठे?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून दोन महिन्यांपूर्वी दादर पश्चिमेला आलात, दोघंही नोकरीवाले, मुलगी ९ वर्षांची. पाऊस संपल्यावर आजूबाजूला काय काय असतं, फोनवर शोधलं तर महागडी तिकिटंच का दिसतात, आणि कुणाची ओळख नसताना असल्या ठिकाणी नुसतं जाऊन बसलं तर चालतं का, असं विचारलंय.

शेवटच्याचं आधी सांगते. चालतं. मी लग्न होऊन रानडे रोडच्या मागे आले त्याला ३१ वर्षं झाली, आणि पहिली दोन वर्षं मीही सभागृहाच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. आत सगळी एकमेकांना ओळखणारी माणसं दिसायची ना! नंतर कळलं की त्यातली निम्मी फक्त चेहऱ्याने ओळखतात, तीही मागच्याच कार्यक्रमात शेजारी बसल्यामुळे. मागच्या रांगेत बसा. आवडलं नाही तर मध्यंतरात उठा. कुणी विचारणार नाही; फार तर एखाद्या काकू सरकून जागा करून देतील आणि तुम्ही मूळच्या कुठल्या ते काढून घेतील.

आता फोनचं. फोनवर तेच दिसतं ज्याचं तिकीट फोनवर विकलं जातं. दादरमधलं निम्म्याहून जास्त काही विकलंच जात नाही, मग ते तिथे दिसणार कसं? ते फळ्यावर असतं, खडूने लिहिलेलं. दादर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमच्या भाषेत दासावा, तुमच्या पायाखालच्या वाटेवर आहे. त्यांच्या धुरू हॉलमध्ये गाणं, पुस्तक प्रकाशन, एखादं व्याख्यान असं चालू असतं. स्टेशनच्या पूर्वेला गेलात तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. शास्त्रीय गाणं ऐकायचं असेल तर माटुंग्याचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर. आणि प्लाझा सिनेमासमोर शिवाजी मंदिर नाट्यगृह. त्याच्या दारावरचे फलक वाचायला तिकीट लागत नाही. मी भाजी घेऊन येताना रोज वाचते. आठवड्यातून एकदा या तीन-चार दारांवरून चक्कर मारा, महिन्याभराचं कळतं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निमंत्रणांचा मात्र एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी बालनाट्य म्हणून भाच्याला घेऊन टॅक्सीने परळच्या दामोदर नाट्यगृहाला गेले. निमंत्रणात तारीख होती, दुपारी ४ ची वेळ होती, चित्रही छान होतं. साल नव्हतं. ते मागच्या वर्षीचं निघालं. आत कोकणातल्या कुठल्याशा वाडीच्या मंडळाचं नमन, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, चाललेलं, मृदुंग घुमत होता, आणि दारावरच्या माणसाला आमची दया आली असावी. त्याने आत सोडलं. भाच्याने त्यातलं राक्षसाचं सोंग, संकासुर, पाहिला आणि पुढे आठ दिवस घरात डोक्याला टॉवेल गुंडाळून तसा नाचत होता. म्हणजे नुकसान काही झालं नाही. पण तेव्हापासून मी तारखेसोबत वार जुळतो का ते कॅलेंडरवर बघते. दामोदर आता राहिलं नाही, पुनर्विकासासाठी पाडलं. नमन, शक्ती-तुरा, कामगार मंडळांची नाटकं यांना परवडणारी हक्काची जागा गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पुढचे महिने. काही कार्यक्रम तारखेने येतात आणि काही तिथीने, तेव्हा भिंतीवर पंचांगवालं कॅलेंडर लावा.

नवरात्रात शिवाजी पार्कला बंगाल क्लबची दुर्गापूजा असते. मूर्ती बघाच, पण सकाळी जा, संध्याकाळी मुंगीला वाट मिळत नाही. मुलीसाठी त्याहून चांगलं म्हणजे भोंडला. सोसायटीत किंवा शाळेत होत असेल तर तिला नक्की पाठवा. होत नसेल तर चार घरं मिळून करा, पाटावर हत्ती काढायला आणि डब्यातली खिरापत ओळखायला काही लागत नाही. दसऱ्याच्या दिवशी शिवाजी पार्कला राजकीय मेळावा असतो, १९६६ पासूनची प्रथा. त्या संध्याकाळी गाडी काढू नका, एवढंच.

दिवाळी पहाट तुम्हाला नाशिकलाही ठाऊक असेल. इथे ती इतकी का फोफावली याला माझ्या मते नियमही कारणीभूत आहे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं. रात्रभर चालणाऱ्या मैफिली उघड्या मंडपातून गेल्या आणि गाणारे-ऐकणारे अभ्यंगस्नान करून सहाला हजर व्हायला लागले. त्यात शिवाजी पार्क २०१० पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे, आणि खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवसच ठरवून दिलेले आहेत. 'एवढं मोठं मैदान आणि रोज काही नाही?' असं पाहुणे विचारतात, त्याचं उत्तर हे. रोज तिथे क्रिकेट असतं, आणि समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब. संध्याकाळी मुलीला तो मल्लखांब दाखवा. दोरीवर उलटी लटकणारी तिच्या वयाची मुलं पाहिली की ती तिथून हलणार नाही.

नोव्हेंबरपासून नाटकांचा हंगाम. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तो दिवस. त्या सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते, आणि हौशी संघांची नाटकं चहा-बिस्किटाच्या भावात बघता येतात. तीनातली एक फसते, एक बरी असते आणि एक अशी निघते की घरी येताना बोलवत नाही. मला हे प्रमाण मान्य आहे. व्यावसायिक नाटकासाठी अजूनही खिडकीवर जाते. सकाळी आणि संध्याकाळी आगाऊ तिकीटविक्री असते, खुर्च्यांचा प्लॅन समोर ठेवतात, आणि खिडकीवरच्या माणसाला 'खांब येत नाही ना मध्ये?' असं विचारता येतं. ॲपला विचारून बघा! बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं आणि शिवाजी मंदिरात बाल्कनीतून छान दिसतं. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. तिथलं मिनी थिएटर प्रायोगिक नाटकांसाठी, छोट्या मैफिलींसाठी चांगलं. आणि छबिलदास शाळेवरून जाल तेव्हा जरा मान वर करून बघा. सत्तरच्या दशकात त्या शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' आणि इतर संस्थांनी जे प्रयोग केले, त्यातून आजचे कितीतरी नट-दिग्दर्शक आले. बाहेरून बघाल तर साधी शाळा, खाली वडेवाला.

जानेवारीत सवाई एकांकिका. वर्षभरातल्या इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिका इथे आपसात भिडतात. २५ च्या रात्री सुरू होते ती २६ च्या पहाटेपर्यंत. बंद सभागृहाला वरचा दहाचा नियम लागत नाही म्हणून हे जमतं. कॉलेजची पोरं घोषणा देत असतात, झोप येत नाही. मुलीला अजून चार वर्षांनी न्या. यंदा तिला २६ ची सकाळची परेड दाखवा, शिवाजी पार्कलाच असते. १ मेलाही असते.

मध्ये डिसेंबर राहिला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण नव्या माणसाला इथले जुने लोक चुकीचा सल्ला देतात.

६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. १९५६ साली दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी आहे. दोन-तीन दिवस आधीपासून राज्यभरातून आणि बाहेरूनही लाखो लोक येतात. शिवाजी पार्कवर महापालिका मंडप घालते, पाणी, शौचालयं, आरोग्य केंद्र अशी सोय असते. तुम्हाला शेजारी सांगतील, 'त्या दिवसांत फार गर्दी असते हो, आम्ही अलिबागला जातो.' आम्हीही जायचो. अलिबाग नाही, पुण्याला नणंदेकडे, पण कारण तेच.

एका वर्षी सासूबाई आजारी होत्या म्हणून जाता आलं नाही. औषध आणायला बाहेर पडले, रस्ते वाहनांना बंद, तेव्हा चालत मैदानाच्या कडेने गेले. आणि थांबले. पुस्तकांचे स्टॉल सुरू झाले ते संपेचनात. पाच-दहा रुपयांच्या पुस्तिकांपासून बाबासाहेबांच्या लेखनाच्या जाडजूड खंडांपर्यंत सगळं. समोर धोतर नेसलेले एक आजोबा होते, बोलण्यावरून मराठवाड्यातले वाटले. कनवटीचे पैसे मोजून त्यांनी चार पुस्तकं घेतली, मग पुन्हा मोजले आणि पाचवं उचललं. 'नातीला,' असं स्टॉलवाल्याला म्हणाले. पलीकडे शाहिरी जलसा चालू होता, डफ आणि टाळ, गायिकेचा आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. मी ३१ वर्षांत दादरला बरेच साहित्यिक कार्यक्रम पाहिलेत, खुर्च्या रिकाम्या आणि व्यासपीठ भरलेलं. इतकी पुस्तकं विकत घेणारी इतकी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

तेव्हा ते दिवस घर बंद करून जाऊ नका. ६ ला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्तास जातात, दूरवरून आलेल्यांची ती वेळ आहे; पुस्तकांसाठी ४ किंवा ५ ला जा. पिशवी मोठी न्या, सुटे पैसे न्या, पाय दुखणार नाहीत अशा चपला घाला. हिंदू कॉलनीतलं राजगृह, बाबासाहेबांचं घर, तेही मुलीला दाखवा. पुस्तकांसाठी बांधलेलं घर म्हणून सांगितलंत की तिला कळेल.

त्याच महिन्यात माहीमची जत्रा, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याची. पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. पाळणे, हलवा-पराठा, दहा दिवस धमाल. आणि पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरीला, प्रभादेवीची जत्रा सुरू होते. ती लहान आहे आणि मला जास्त आवडते. मालवणी खाजं, बांगड्या, कागदी भिंगऱ्या. आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिले, तरी त्यांच्या पायथ्याशी ती दरवर्षी भरते.

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव, नऊ दिवस, १९९९ पासून. आपल्या वस्तीतला नाही, पण चर्चगेट लोकलने अर्ध्या तासात पोचता. प्रवेश फुकट, गर्दी अफाट. शनिवार-रविवार टाळा. माझं मत विचाराल तर हल्ली तिथे कलाकृती बघण्यापेक्षा तिच्यासमोर फोटो काढणारेच जास्त असतात, पण मुलांच्या कार्यशाळा चांगल्या असतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. तुमच्याच नाशिकच्या तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, त्यामुळे तुम्हाला काय सांगायचं. इथल्या वाचनालयांत त्या आठवड्यात अभिवाचन वगैरे असतं.

उन्हाळ्यात अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला. गोदाघाटावरच्या व्याख्यानमालेची सवय असेल तर इथे नदी नाही एवढंच कमी वाटेल. संध्याकाळी कामावरून थेट या. वक्ता कसाही असो, नंतरच्या प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ हमखास उठून स्वतःच भाषण करतात. त्यांना ऐकायला येणारेही काही आहेत.

मुलीला नाटकाची आवड दिसली तर मेमधल्या बालनाट्य शिबिरांची चौकशी मार्चमध्येच करा, जागा भरतात. फी विचारताना शेवटी प्रयोग करतात का, तेही विचारा. नुसते खेळ घेऊन सोडणारी शिबिरंही बरीच आहेत.

आणि छत्री एवढ्यात माळ्यावर टाकू नका. बंगाल क्लबच्या मंडपात मी दोनदा भिजले आहे.